धरणाच्या बांधकामात गवसलेला यांगचुआनोसॉरस

१९७७ सालच्या जून महिन्यात चीनमधील योंगचुआन परगण्यात शांगयू नावाच्या जलाशयासाठी धरण बांधण्याचे काम चालू होते. हा परगणा त्या वेळी सिचुआन प्रांतात मोडत असे; १९९७ पासून तो चोंगचिंग महानगराच्या प्रशासनाखाली आहे. धरणाच्या कामावरील एका मजुराच्या दृष्टीस खडकात रुतलेल्या काही अस्थी पडल्या. त्या काळजीपूर्वक मोकळ्या करण्यात आल्या, तेव्हा एका प्रचंड मांसाहारी डायनोसॉरची अखंड कवटी आणि सांगाड्याचा फार मोठा भाग हाती आला. पुढच्याच वर्षी, म्हणजे १९७८ मध्ये, डाँग झिमिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या प्राण्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले व त्याला ‘यांगचुआनोसॉरस शांगयूएन्सिस’ असे नाव दिले. नावाचा पहिला भाग परगण्यावरून आणि दुसरा भाग जलाशयावरून घेतलेला आहे. एका पाटबंधाऱ्याच्या कामाची आठवण अशा रीतीने जीवशास्त्राच्या नामावलीत कायमची कोरली गेली.

काळाचा आवाका

डायनोसॉर म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर टायरॅनोसॉरस उभा राहतो. १९९३ सालच्या ‘ज्युरासिक पार्क’ या चित्रपटाने त्याला घरोघरी पोहोचविले. प्रत्यक्षात टायरॅनोसॉरस ज्युरासिक कालखंडातला नव्हेच. तो त्यानंतरच्या क्रिटेशस कालखंडाच्या अगदी अखेरीस, सुमारे पावणेसात कोटी वर्षांपूर्वी वावरत होता. ज्युरासिक कालखंड सुमारे २० कोटी वर्षांपूर्वी सुरू झाला आणि सुमारे साडेचौदा कोटी वर्षांपूर्वी संपला. यांगचुआनोसॉरस हा त्यातील, सुमारे १६ कोटी वर्षांपूर्वीचा प्राणी होय. म्हणजे टायरॅनोसॉरस आणि मानव यांच्यामध्ये जेवढा काळ लोटला, त्याहून अधिक काळ यांगचुआनोसॉरस आणि टायरॅनोसॉरस यांच्यामध्ये लोटला होता. पाठ्यपुस्तकातील एकाच चित्रात हे दोन्ही प्राणी शेजारी शेजारी दाखविलेले असतात, तेव्हा विद्यार्थ्यांना ही गोष्ट आवर्जून सांगितली पाहिजे.

देहरचना

धरणाच्या कामात मिळालेल्या प्राण्याच्या कवटीची लांबी ८२ सेंटिमीटर असून त्याची एकूण लांबी सुमारे ८ मीटर होती. पुढे याच भागातील आणखी एका मोठ्या सांगाड्याचे वर्णन १९८३ साली करण्यात आले. त्याची कवटी १.११ मीटर लांब आहे आणि एकूण लांबी साडेदहा मीटरांहून अधिक असावी, असे मानले जाते. एवढ्या मोठ्या जनावराचे वजन सुमारे तीन टन धरले जाते.

यांगचुआनोसॉरस मागच्या दोन भक्कम पायांवर चालत असे. मागे पसरलेली लांब, जड शेपटी पुढील डोक्याचा व धडाचा भार तोलून धरी. कवटी मोठी खरी, पण ती भरीव नव्हे. डोळ्यांच्या पुढे आणि मागे तिच्यात मोठी पोकळ दारे होती. त्यामुळे डोक्याचे वजन कमी राही व जबड्याच्या स्नायूंना जागा मिळे. नाकाच्या वरच्या बाजूस हाडांचे खडबडीत कंगोरे होते. दात मागे वळलेले, दोन्ही बाजूंनी चपटे आणि करवतीसारख्या बारीक दंतुर कडांचे होते. असे दात हाडे फोडण्यापेक्षा मांस कापण्यास अधिक सोयीचे. उत्तर अमेरिकेतील सुप्रसिद्ध ॲलोसॉरस हा त्याचा दूरचा नातलग असून तोही ज्युरासिक कालखंडातलाच होय.

लाल मातीचे खोरे

सिचुआनच्या खोऱ्यात लालसर व जांभळट खडकांचे जाड थर आहेत. ज्युरासिक कालखंडात या खोऱ्यात नद्या व सरोवरे होती. त्यांनी वाहून आणलेल्या वाळूचे आणि चिखलाचे कालांतराने खडक झाले. एखादे जनावर मेल्यावर त्याचे कलेवर गाळाखाली लवकर गाडले गेले, तर त्याची हाडे मोडतोडीपासून आणि हवेपासून वाचत. मग भूजलातील खनिजे हाडांच्या सूक्ष्म पोकळ्यांत हळूहळू साचत आणि हाड दगडासारखे कठीण होत जाई. यालाच आपण जीवाश्म म्हणतो.

या खोऱ्यात लांब मानेचे शाकाहारी मामेन्चिसॉरस व ओमेइसॉरस आणि पाठीवर हाडांच्या तबकड्या असलेले तुओजिआंगोसॉरस हे प्राणी होते. यांगचुआनोसॉरस हा त्या काळच्या तेथील सर्वांत मोठ्या शिकारी प्राण्यांपैकी एक होता. पूर्ण वाढलेले मामेन्चिसॉरस फारच अवाढव्य होते. १९५७ साली हचुआन परगण्यात सापडलेल्या एका सांगाड्याची लांबी २२ मीटर असून त्याची मानच ९ मीटरांपेक्षा अधिक लांब आहे. त्यामुळे शिकाऱ्याचा रोख पिल्लांवर, दुर्बळ जनावरांवर व मृत देहांवर अधिक राहत असावा, असा तर्क करता येतो.

एक जात की दोन?

१९८३ साली वर्णन केलेल्या मोठ्या सांगाड्याला प्रथम वेगळी जात मानून ‘यांगचुआनोसॉरस मॅग्नस’ हे नाव देण्यात आले होते. पुढे तुलना करता दोन्ही सांगाड्यांतील मुख्य फरक आकाराचाच असल्याचे दिसून आले. आता ते एकाच जातीचे मानले जातात. याच्या उलट, १९४२ साली केवळ सुट्या दातांवरून ‘सेचुआनोसॉरस’ हे नाव दिले गेले होते. मांसाहारी डायनोसॉरांचे दात एकमेकांशी फार मिळतेजुळते असतात. त्यामुळे एवढ्या तोकड्या पुराव्यावरून जात निश्चित करणे आज ग्राह्य धरले जात नाही. त्या नावाखाली नोंदविलेला झिगाँग येथील एक सांगाडा २०१२ च्या एका अभ्यासात यांगचुआनोसॉरसकडे वर्ग करण्यात आला. अखंड सांगाडा आणि सुटा दात यांच्या मोलातील अंतर यावरून ध्यानात येईल.

विकासकामे आणि जीवाश्म

सिचुआनमधील या शोधांत एक समान सूत्र आहे. मामेन्चिसॉरसचे पहिले जीवाश्म १९५२ साली महामार्गाच्या कामात मिळाले. यांगचुआनोसॉरस धरणाच्या कामात मिळाला. झिगाँगजवळील दाशानपू येथे नैसर्गिक वायूच्या कंपनीचे बांधकाम चालू असताना सापडलेल्या एका लहान शिकारी डायनोसॉरला १९८५ साली ‘गॅसोसॉरस’ असे नावच देण्यात आले. पुढे दाशानपू येथे जीवाश्मांचे फार मोठे भांडार उघडकीस आले आणि त्याच जागेवर उभारलेले डायनोसॉर संग्रहालय १९८७ साली खुले झाले. पृथ्वीचा इतिहास उघड करणारी पहिली कुदळ पुष्कळदा शास्त्रज्ञाची नसून कामावरच्या मजुराची असते.

ही गोष्ट आपल्यालाही लागू पडते. महाराष्ट्राचा मोठा भाग ज्वालामुखीच्या बेसाल्ट खडकाने झाकलेला आहे. लाव्हाच्या खडकात हाडे सहसा टिकत नाहीत. परंतु विदर्भाच्या पूर्व भागात गाळाचे जुने खडक उघडे पडलेले आहेत. चंद्रपूर जिल्ह्यातील पिसदुरा येथे क्रिटेशस काळातील डायनोसॉरांचे अवशेष मिळाले आहेत. गडचिरोली जिल्ह्यातील सिरोंचा तालुक्यात ज्युरासिक काळातील खडक आहेत. हेच थर प्राणहिता-गोदावरी खोऱ्यात नदीपलीकडे तेलंगणातही पसरले असून तेथील बारापासॉरस या लांब मानेच्या शाकाहारी डायनोसॉरचे वर्णन १९७५ साली प्रसिद्ध झाले. रवींद्रनाथ टागोरांच्या स्मरणार्थ त्याच्या जातीस ‘टागोरी’ हे नाव देण्यात आले. त्याचा सांगाडा कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत उभा आहे.

तलाव, विहिरी आणि रस्ते यांची कामे अशाच भूभागांत होत असतात. खोदकामात हाडाच्या आकाराचा, आतून जाळीदार दिसणारा किंवा दातासारखा दगड आढळल्यास प्रथम त्या ठिकाणचे खोदकाम थांबवावे. दगड उपटून काढू नये. तो जागेवरच ठेवून छायाचित्र घ्यावे, खोली व जागा यांची नोंद करावी आणि त्यावर माती किंवा ताडपत्री झाकावी. ग्रामपंचायतीने ही वर्दी तहसील कार्यालयामार्फत नागपूर येथील भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या कार्यालयास द्यावी. थरातून सुटलेले हाड हे शिक्का नसलेल्या दस्तऐवजासारखे असते. ते कोणत्या काळचे, कोणत्या जनावराशेजारी पडलेले, पाण्याने वाहून आलेले की तेथेच पडलेले, या प्रश्नांची उत्तरे थराबरोबरच नष्ट होतात. गावात आलेल्या कोणा हौशी संग्राहकाला असा दगड भेट म्हणून देऊन टाकणे म्हणजे तो दस्तऐवजच फाडण्यासारखे आहे.

शिक्षकांना या कामी फार काही करता येईल. खडीच्या ढिगातून मुलांनी उचलून आणलेला विचित्र दगड कुठून आणला, हे विचारण्याची सवय वर्गात लागली, तर गावाला आपल्या जमिनीची ओळख होईल. शांगयूच्या धरणावर त्या मजुराने हाडे पाहिली. ती पाहिल्यावर ती कोणीतरी ऐकून घेतली आणि वेळीच मोकळी केली. यांतील एक दुवा जरी निखळला असता, तरी सोळा कोटी वर्षे टिकलेला तो सांगाडा धरणाच्या भरावात नाहीसा झाला असता आणि त्याची कोणाला खबरही लागली नसती.