पंजा : मनगटाची लांब कारकीर्द

आजचा विषय पंजा लढवण्याचा. शाळेच्या बाकावर, कॅन्टीनच्या टेबलावर कधीतरी कोपर टेकवलं नाही असा माणूस आपल्यात विरळाच. म्हणूनच कुणी या खेळाला तीस-चाळीस वर्षं दिली म्हटलं, की आपल्याला जरा हसू येतं. ‘अंगात ताकद असली की झालं, त्यात शिकायचं काय?’ असं वाटतं. आज काही मोठ्या खेळाडूंच्या कारकिर्दी पाहत या प्रश्नाचं उत्तर शोधू.

आधी थोडा इतिहास. कॅलिफोर्नियातल्या पेटालुमा गावात बिल सोबरानेस या पत्रकाराने १९५० च्या दशकात एका बारमध्ये पंजाचे सामने सुरू केले आणि १९६२ पासून तिथे जागतिक स्पर्धा भरू लागली. चार्ल्स शुल्झ यांच्या चित्रमालिकेतला स्नूपी १९६८ साली याच स्पर्धेला निघतो आणि बाद होतो. कारण काय, तर त्याला अंगठाच नाही! गंमत सोडा, पण मुद्दा खरा आहे. पंजाची लढत अंगठ्यापासून सुरू होते.

ती कशी, ते पाहू. स्पर्धेत बहुतेक वेळा खेळाडू उभे असतात. कोपर एका छोट्या गादीवर, दुसरा हात टेबलावरच्या खुंटीला. कोपर गादीवरून सुटलं की फाऊल, आणि दोन फाऊल म्हणजे तो डाव गेला. पकड सुटली तर पंच दोघांचे हात पट्ट्याने बांधतात. डावपेच मुख्यतः तीन. ‘टॉप रोल’मध्ये आपली पकड समोरच्याच्या बोटांकडे सरकवत त्याचं मनगट मागे उघडायचं. ‘हुक’मध्ये आपलं मनगट आत वळवून त्याला आपल्या बाजूला ओढून घ्यायचं. ‘प्रेस’मध्ये खांदा हाताच्या मागे आणून अंगाच्या भाराने दाबायचं. म्हणजे दंड कितीही मोठा असो, मनगट उघडलं की ती ताकद समोरच्यापर्यंत पोहोचतच नाही.

हे सगळं ज्याच्या हातात एकवटलं होतं तो म्हणजे अमेरिकेचा जॉन ब्रझेंक, जन्म १९६४. १९८६ साली लास व्हेगासला ‘ओव्हर द टॉप’ नावाची मोठी स्पर्धा झाली. सिल्व्हेस्टर स्टॅलोनच्या त्याच नावाच्या सिनेमाशी ती जोडलेली होती. ट्रकचालकांच्या गटात ब्रझेंक जिंकला आणि बक्षीस म्हणून त्याला चक्क एक ट्रक मिळाला. तेव्हा त्याचं वय होतं अवघं बावीस. पुढची दोन दशकं आपल्याहून कितीतरी जड माणसांना तो हरवत राहिला. पोटासाठी मात्र विमानांच्या देखभालीची नोकरी. ज्याला जगातला सर्वश्रेष्ठ म्हणत, तो कामावर जायचा आणि सुटीत पंजा लढवायचा.

२००८ मध्ये त्याला हरवलं कॅनडाच्या डेव्हन लॅरॅटने. हा कॅनडाच्या विशेष दलातला सैनिक. पुढे कोपराच्या शस्त्रक्रिया झाल्या, तरी तो परत टेबलावर आला. २०२२ मध्ये दुबईत त्याने जॉर्जियाच्या लेव्हान सागिनाश्विलीला आव्हान दिलं. लेव्हानचं वजन सुमारे १८० किलो. लॅरॅट ०-६ असा हरला, तेव्हा तो सत्तेचाळीस वर्षांचा होता. या वयात जगातल्या सगळ्यात ताकदवान हातासमोर जाऊन उभं राहणं, हे आम्हाला त्याच्या अनेक विजयांइतकंच मोठं वाटतं.

स्त्रियांमध्ये स्वीडनच्या हेइडी आंदरशोनचं नाव घ्यायलाच हवं. ती अनेक वेळा विश्वविजेती ठरली. तिचं गाव उत्तरेकडचं, अगदी मोजक्या घरांचं. नाव ‘एनसामहेतेन’, म्हणजे एकटेपणा! पण पंजाचा सराव एकट्याने होत नाही, तिच्या घरातच पंजा लढवणारी माणसं होती.

आता कारकीर्द इतकी लांब का चालते? स्नायू काही महिन्यांत वाढतात. पण स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या कंडरा घट्ट व्हायला वर्षं लागतात. तरुण खेळाडू दंड कमावून येतो, पण मनगट आणि कोपर अजून तयार नसतं. घाई केली तर ते दुखावतं. त्याहून मोठा धोका हाडाला. हात एकीकडे आणि खांदा दुसरीकडे वळला, की दंडाचं हाड पिळल्यासारखं मोडतं. म्हणून मुरलेले खेळाडू नवख्याला आधी एकच गोष्ट सांगतात : नजर आपल्या हातावर ठेव, खांदा हाताच्या मागे राहू दे. मित्रामित्रांत लढवतानाही हे विसरू नका.

आपल्याकडे २०२३ मध्ये दिल्लीत प्रो पंजा लीगचा पहिला हंगाम झाला आणि हा खेळ टीव्हीवर दिसू लागला. चांगलं झालं. पण टीव्हीवर दिसतो तो काही सेकंदांचा डाव. त्यामागची वीस वर्षं दिसत नाहीत : नोकरी सांभाळून केलेला सराव, सुजलेली कोपरं, आणि काल ज्याच्याशी लढलो त्यालाच आज डाव समजावून सांगणं. शिकायचं काय, असं आपण सुरुवातीला विचारलं होतं. ब्रझेंक पन्नाशीनंतरही टेबलापाशी उभा राहत होता, यात त्याचं उत्तर आहे. अशा माणसांचा गौरव करताना पदकं जरूर मोजू, पण ही वर्षंही मोजू.

आता तुमचे प्रश्न घेऊ.