जडसंग्रहातील जिवंत वस्तू

कोणत्याही शाळेत, महाविद्यालयात अथवा सरकारी कचेरीत एक जाडजूड नोंदवही असते. तिला जडसंग्रह नोंदवही म्हणतात. खुर्च्या, कपाटे, पंखे, सूक्ष्मदर्शक, तराजू अशा टिकाऊ वस्तूंची खरेदीची तारीख, किंमत व नग तीत लिहिलेले असतात. वर्षअखेरीस पडताळणी होते. वस्तू निकामी झाली की तिच्या निर्लेखनाचा प्रस्ताव तयार होतो, समिती बसते, दरपत्रके मागविली जातात, लिलाव होतो, आलेली रक्कम भरणा केली जाते आणि नोंदीवर तांबडी रेघ ओढली जाते. हिशेब पुरा होतो. ही पद्धत जुनी आहे व एका अर्थाने चोखही आहे. सार्वजनिक पैशातून घेतलेली वस्तू परस्पर कोणी लांबवू नये, एवढ्यासाठी ती निर्माण झाली आणि ते काम ती बऱ्यापैकी बजावते. परंतु ही वस्तू माणसाला घातक आहे काय, असा प्रश्न विचारणारा रकाना मात्र त्या नोंदवहीत नाही. या एका उणिवेची किंमत किती मोठी असू शकते, हे दिल्लीच्या मायापुरी भागात २०१० साली दिसून आले.

दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागाने १९६८ साली कॅनडात बनविलेले एक गॅमा किरणयंत्र विकत घेतले होते. रासायनिक पदार्थांवर गॅमा किरणांचा मारा करून त्यांत काय बदल होतात, याचा अभ्यास करण्यासाठी ते होते. शिशाच्या जाड कवचामुळे काही टन वजन असलेल्या या यंत्राच्या गाभ्यात कोबाल्ट-६० या किरणोत्सारी धातूच्या बारीक कांड्या बसविलेल्या होत्या. पुढे संशोधनाची दिशा बदलली, यंत्राचा वापर थांबला, आणि सुमारे पंचवीस वर्षे ते विभागात पडून राहिले. २६ फेब्रुवारी २०१० रोजी इतर अडगळीबरोबर त्याचाही रीतसर लिलाव झाला. मायापुरीच्या भंगार व्यापाऱ्याने ते घेतले. तेथील कामगारांनी नेहमीप्रमाणे ते तोडले, कारण शिशाला बाजारात चांगला भाव असतो. कवच सुटे झाले आणि गाभ्यातील कांड्या उघड्या पडल्या. त्या चकचकीत तुकड्यांची वाटणी होऊन ते आसपासच्या दुकानांत गेले. एकाने तर एक तुकडा पैशाच्या पाकिटात घालून खिशात बाळगला.

मार्चअखेरीस या लोकांना मळमळ, जुलाब, केस गळणे, कातडी काळवंडणे असा त्रास सुरू झाला. ७ एप्रिल रोजी एका खासगी रुग्णालयाने किरणोत्सर्गाच्या बाधेची शंका अणुऊर्जा नियामक मंडळाला कळविली, तेव्हा कोठे यंत्रणा हलली. तज्ज्ञांनी मापकयंत्रे घेऊन दुकाने पिंजून काढली व कोबाल्टचे तुकडे गोळा करून सुरक्षित जागी हलविले. परंतु तोवर व्हायचे ते नुकसान होऊन गेले होते. आठ जणांना रुग्णालयात ठेवावे लागले आणि त्यांतील एका कामगाराचा २६ एप्रिल रोजी मृत्यू झाला. हे यंत्र विद्यापीठातून आले, हे महिनाअखेरीस उघड झाले. आंतरराष्ट्रीय मोजपट्टीवर या घटनेची नोंद चौथ्या पायरीवर झाली. सातव्या पायरीवर चेर्नोबिल आहे, एवढे सांगितले म्हणजे या पायरीचा अर्थ ध्यानात येईल.

ज्ञान निवृत्त होते, वस्तू होत नाही

या प्रकरणात चोरी नव्हती, लाच नव्हती, गुप्तपणे केलेले काही नव्हते. समिती होती, ठराव होता, लिलाव होता. कागदपत्रांची शिस्त पाळली गेली होती आणि तरीही माणूस मेला. म्हणून एखाद्या व्यक्तीला दोषी ठरवून हा प्रश्न संपत नाही. विद्यापीठावर किरणोत्सारी साधने वापरण्याची बंदी घालण्यात आली. ती योग्यच होती. परंतु १९६८ साली ज्या प्राध्यापकांनी हे यंत्र मागविले, त्यांना त्याच्या पोटात काय आहे हे पक्के ठाऊक होते. २०१० साली ते ज्ञान विभागात उरले नव्हते. माणसे निवृत्त झाली आणि वस्तू मात्र जागेवरच राहिली. नोंदवहीत तिची किंमत उतरली होती, तिचा स्वभाव उतरला नव्हता.

कोबाल्ट-६० ची तीव्रता दर सव्वापाच वर्षांनी निम्मी होते. बेचाळीस वर्षांत ती आठ वेळा निम्मी झाली, म्हणजे मूळच्या तीव्रतेचा सुमारे अडीचशेवा हिस्सा शिल्लक राहिला. तेवढाही हिस्सा माणसाचा जीव घेण्यास पुरेसा ठरला. हिशेबनिसाच्या दृष्टीने यंत्राची किंमत घसाऱ्यात कधीच शून्यावर आली असेल. निसर्गाच्या घसाऱ्याचा दर मात्र वेगळा असतो. शिवाय या धोक्याला वास नाही, रंग नाही, स्पर्शाला तो जाणवत नाही. ज्याला सांगितलेले नाही त्याला तो कळण्याचा मार्गच नाही.

हा धडा जगाला नवा होता असेही नाही. ब्राझीलमधील गोयानिया शहरात सप्टेंबर १९८७ मध्ये असेच घडले होते. कर्करोगाच्या उपचारांचे एक खासगी केंद्र जागा बदलताना सीझियम-१३७ चे जुने यंत्र रिकाम्या इमारतीत सोडून गेले. दोघांनी ते भंगार म्हणून काढून नेले आणि विकले. आतील भुकटी अंधारात निळसर चमकते म्हणून लोकांनी ती कौतुकाने घरी नेली, अंगाला लावली. चौघांचा बळी गेला, त्यांत सहा वर्षांची एक मुलगी होती. एक लाखाहून अधिक लोकांची तपासणी करावी लागली. या प्रकरणाचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध झाला, तज्ज्ञांच्या परिषदांत चर्चा झाली. तरीही तेवीस वर्षांनी दिल्लीत तीच साखळी जशीच्या तशी जुळून आली: सोडून दिलेले यंत्र, विस्मृती आणि भंगाराचा बाजार.

नियमांची वाण नाही

देशात नियम नव्हते म्हणून हे घडले, असे म्हणता येणार नाही. अणुऊर्जा कायदा १९६२ साली झाला, किरणोत्सर्गापासून संरक्षणाचे नियम १९७१ साली आले, मुंबईत मुख्यालय असलेले अणुऊर्जा नियामक मंडळ १९८३ साली स्थापन झाले आणि २००४ साली नियमांची नवी आवृत्ती निघाली. वापरातून गेलेला किरणोत्सारी स्रोत पुरवठादाराकडे परत पाठवावा किंवा मान्यताप्राप्त केंद्राच्या स्वाधीन करावा, ही रीत ठरलेली होती. परंतु हे यंत्र नियमांच्या आणि मंडळाच्याही आधी देशात आले होते. नियम पुढे बनत गेले, यंत्र मागेच राहिले. मंडळाने नंतर परवाने व नोंदी संगणकीय प्रणालीवर आणल्या, ही स्वागतार्ह सुधारणा होय. तथापि, नोंदच नसलेली वस्तू कोणत्याही प्रणालीत आपणहून उगवत नाही. ती शोधण्यास कपाटच उघडावे लागते.

रासायनिक कचऱ्याची कथा निराळी नाही. भोपाळच्या १९८४ च्या दुर्घटनेनंतर १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा झाला, त्याखाली १९८९ साली घातक कचऱ्याचे नियम झाले, २००८ व २०१६ साली ते नव्याने लिहिले गेले. साधारणपणे नव्वद दिवसांपेक्षा अधिक काळ असा कचरा आवारात साठवू नये, असे ते नियम कारखान्यांना सांगतात. आणि ज्या कारखान्यामुळे हे सारे कायदे झाले, त्याच्या आवारातील ३३७ टन विषारी कचरा जानेवारी २०२५ पर्यंत तेथेच पडून होता. न्यायालयाने खडसावल्यावर तो बारा बंद वाहनांतून पीथमपूरला नेण्यात आला आणि स्थानिकांच्या तीव्र विरोधानंतर जून २०२५ अखेर जाळण्यात आला. त्यातूनही आठशे टनांहून अधिक राख उरली, कारण जाळताना चुना व इतर द्रव्ये मिसळावी लागतात. घातक कचरा नाहीसा होत नसतो; त्याचे रूप व ठिकाण बदलते. निर्माण होतानाच त्याची सोय केली नाही, तर पुढच्या पिढीला ती अधिक खर्चाने व अधिक भीतीने करावी लागते.

कपाटातील बाटल्या

गॅमा किरणयंत्र फार थोड्या संस्थांत असते, तेव्हा सामान्य शाळा-महाविद्यालयांनी याची चिंता का वाहावी, असे कोणी विचारील. उत्तर प्रत्येक जुन्या प्रयोगशाळेच्या कोपऱ्यातील कपाटात आहे. लेबल गळून पडलेल्या बाटल्या तेथे असतात. पिक्रिक आम्ल ओले असते तोवर शांत असते, वाळले की स्फोटक बनते. ईथरची उघडलेली बाटली वर्षानुवर्षे तशीच ठेवली तर तीत स्फोटक परॉक्साइडे तयार होतात. केरोसीन आटून उघडा पडलेला सोडियमचा तुकडा पाण्याच्या थेंबाने पेट घेतो. फुटलेल्या तापमापकातील पारा झाडूने लोटला की त्याचे शेकडो बारीक गोळे होतात, फटींत शिरतात आणि बंद खोलीत त्यांची वाफ श्वासावाटे शरीरात जात राहते. कचेऱ्यांतही निकामी नळीदिव्यांत थोडा पारा असतो, पंख्या-दिव्यांना आधार देणाऱ्या बॅटऱ्यांत शिसे व गंधकाम्ल असते, जुन्या संगणकांत शिसे व इतर जड धातू असतात.

रुग्णालयांची अवस्था १९९८ पूर्वी अशीच होती. त्या वर्षी जैववैद्यकीय कचऱ्याचे नियम आले आणि २०१६ साली ते सुधारले. पिवळ्या पिशवीत जाळावयाचा कचरा, तांबडीत प्लास्टिकच्या नळ्या, पांढऱ्या डब्यात सुया, निळ्यात काच अशी विभागणी झाली, आणि अप्रक्रियित कचरा अठ्ठेचाळीस तासांहून अधिक ठेवू नये असे बंधन आले. पालनात त्रुटी असतील. तरीही कोणती वस्तू कोठे टाकावयाची, हे आज रुग्णालयातील सफाई कामगारालाही रंगावरून कळते. प्रयोगशाळेतील शिपायाला आणि कचेरीतील भांडारपालाला असे काहीही सांगणारे कोणी नाही.

या साऱ्याच्या शेवटच्या टोकाला भंगारवाला उभा असतो. धारावीचे तेरा कंपाऊंड असो, कुर्ल्याचा भंगारबाजार असो वा दिल्लीचे मायापुरी असो, शहरांनी टाकून दिलेल्या वस्तूंचा पुनर्वापर प्रत्यक्षात हीच माणसे करतात. त्यांच्याकडे हातोडा, छिन्नी व गॅसकटर असतो, मापकयंत्र नसते. विद्वान संस्थेने आपल्याजवळचे ज्ञान न देता केवळ वस्तू देणे, हा त्यांच्यावरील अन्यायच होय.

सुधारणा कोठून व्हावी

पहिली अडचण हिशेबाच्या कल्पनेतच आहे. निकामी वस्तू विकली की पैसे येतात, असे निर्लेखनाची सारी पद्धत गृहीत धरते. घातक वस्तूच्या बाबतीत उलट असते. तिच्या विल्हेवाटीसाठी पैसे मोजावे लागतात. त्यासाठी अंदाजपत्रकात लेखाशीर्ष नसते, म्हणून वस्तू एकतर कपाटात कुजते किंवा लिलावात जाते. तेव्हा खरेदीच्या मंजुरीबरोबरच विल्हेवाटीच्या खर्चाची तरतूद झाली पाहिजे आणि शक्य तेथे जुना माल परत घेण्याची अट पुरवठादारावर घातली पाहिजे.

दुसरे, जडसंग्रह नोंदवहीत व रसायनांच्या साठानोंदीत धोक्याचे स्वरूप आणि विल्हेवाटीची रीत असे दोन रकाने वाढविले जावेत. त्यासाठी मोठा खर्च नाही. वस्तूवरील सूचना मराठीत व चिन्हासह असावी, कारण ती हलविणारा माणूस इंग्रजी वाचतोच असे नाही. तिसरे, निवृत्त होणाऱ्या अध्यापकाकडून ग्रंथालयाचे पुस्तक परत आले की नाही याचे ना-देय प्रमाणपत्र घेतले जाते. त्याच वेळी त्याच्या ताब्यातील घातक वस्तूंची यादी उत्तराधिकाऱ्याच्या सहीने हस्तांतरित व्हावी. चौथे, निर्लेखन समितीवर विषयाचा जाणकार असल्याशिवाय आणि वस्तू निर्धोक असल्याचा त्याचा दाखला असल्याशिवाय लिलावाची नस्ती पुढे सरकू नये. असा दाखला नसेल तर नस्ती थांबविण्याचा अधिकार साध्या लिपिकालाही असावा आणि थांबविल्याबद्दल त्याला बोल लागू नये.

लहान महाविद्यालयांना हे झेपणार नाही, हा आक्षेप खरा आहे. एकेकट्याने ते झेपणारही नाही. परंतु विद्यापीठाने जिल्ह्यातील महाविद्यालयांचा असा माल वर्षातून एकदा एकत्र करून अधिकृत केंद्राकडे पाठविण्याची व्यवस्था केली, तर प्रत्येकाच्या वाट्याला येणारा खर्च आटोक्यात राहील. परीक्षांच्या उत्तरपत्रिका गावोगावहून बिनचूक गोळा करणाऱ्या विद्यापीठांना हे अशक्य वाटण्याचे कारण नाही.

मायापुरीच्या त्या कामगाराने विद्यापीठाची पायरी कधी चढली नसेल. त्याच्या मृत्यूचे कारण मात्र तेथील एका नोंदीत बेचाळीस वर्षे लिहून ठेवलेले होते आणि ते वाचणारे कोणी उरले नव्हते. उन्हाळी सुटीत वार्षिक पडताळणी होईल, तेव्हा नगांची संख्या जुळली की वही मिटू नये. कपाटाच्या मागच्या रांगेतील बाटली पुढे ओढून तिच्यात काय आहे हे लिहून काढावे, आणि ते सांगू शकणारा जुना अध्यापक हयात असेल तर त्याला त्यासाठी मुद्दाम बोलावून घ्यावे.