‘हार्ट फेल’ म्हणजे नेमके काय?

केसपेपरवर ‘हार्ट फेल्युअर’ असे लिहिलेले वाचून नातेवाइकांचा धीर सुटतो. रुग्ण मात्र समोरच्या खाटेवर बसून चहा पीत असतो. ‘हार्ट फेल झाले’ म्हणजे माणूस गेला, हा बोलीतला अर्थ डोक्यात पक्का बसल्याने हा घोटाळा होतो. हार्ट अटॅक, कार्डिॲक अरेस्ट आणि हार्ट फेल्युअर हे शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात. पण तिन्हींचे अर्थ वेगळे आहेत, उपायही वेगळे.

हार्ट अटॅक म्हणजे रक्तपुरवठ्यातला अडथळा. हृदयाच्या धमनीत गुठळी होते आणि पुढच्या भागातला स्नायू मरू लागतो. रुग्ण बहुधा शुद्धीवर असतो. छातीत दडपल्यासारखे होते, हातात किंवा जबड्यात कळ येते, दरदरून घाम सुटतो. मधुमेही, वृद्ध आणि महिलांमध्ये कधी नुसती धाप किंवा मळमळ असते. ‘गॅस झाला असेल’ म्हणून सोडा पीत थांबू नये. रुग्णाला चालवू नये, लगेच १०८ क्रमांकावर फोन करावा.

कार्डिॲक अरेस्टमध्ये हृदयाचे काम अचानक थांबते. बहुतेकदा त्याच्या विद्युत यंत्रणेत बिघाड झालेला असतो. माणूस कोसळतो, हाकेला ओ देत नाही, श्वास थांबतो किंवा आचके लागतात. हार्ट अटॅकमधूनही असे होऊ शकते. तोंडावर पाणी मारणे, कांदा हुंगवणे यात मोलाची मिनिटे जातात. रक्त न मिळाल्यास मेंदूला चार ते सहा मिनिटांत कायमची इजा होऊ लागते. म्हणून एकाने १०८ला फोन करावा आणि दुसऱ्याने छातीच्या मधोमध, मिनिटाला १०० ते १२० वेळा, सुमारे ५ सेंटिमीटर खोल दाब द्यावा. मदत येईपर्यंत थांबू नये.

हार्ट फेल्युअरमध्ये हृदय बंद पडलेले नसते. त्याचा पंप कमजोर झालेला असतो. चालताना धाप लागते, पायांवर सूज येते, रात्री उशी उंच घ्यावी लागते. नियमित गोळ्या आणि कमी मीठ यांवर अनेक जण वर्षानुवर्षे चांगले जगतात. रोज सकाळी वजन करावे. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढले, तर अंगात पाणी साठत असल्याची शक्यता असते, डॉक्टरांना दाखवावे.

ऐन वेळी योग्य शब्द आठवला नाही, तरी बिघडत नाही. फोनवर दोनच गोष्टी आधी सांगाव्यात: रुग्ण शुद्धीवर आहे का आणि श्वास नीट चालू आहे का.