शाळेचा निरोप घरी पोहोचतो कसा?

‘काय रे, शाळेत काही सांगितलंय का?’ असे आई विचारते, आणि मुलगा दप्तर खुंटीला अडकवून ‘काही नाही’ म्हणत खेळायला पळतो. हा प्रसंग कोणाच्या घरी घडलेला नाही? पुष्कळदा खरोखरच काही नसते. पण एखादे वेळी त्या दप्तरात चार ओळींचा कागद पडून राहिलेला असतो, आणि त्या चार ओळींवर मुलाचे वर्ष अवलंबून असते. माध्यमिक शाळा आपले निरोप घरोघरी कशी पोहोचवते आणि ते वाटेत कुठे अडतात, याचा थोडा विचार आज करू या.

अलिबाग तालुक्यातले थळ गाव डोळ्यांसमोर आणा. समोर समुद्रात खांदेरी आणि उंदेरी हे दोन जलदुर्ग, किनाऱ्याला कोळ्यांची वस्ती, तिच्या मागे नारळी-पोफळीच्या वाड्या, आणि १९८० नंतरच्या दशकात उभा राहिलेला खतांचा मोठा कारखाना. अशा परिसरातल्या शाळेत दर्यावर जाणाऱ्या तांडेलाचा मुलगा, वाडीत राबणाऱ्या माळ्याची मुलगी आणि परगावाहून नोकरीसाठी आलेल्या कामगाराचे मूल एकाच बाकावर बसू शकते. त्यांच्याच शेजारी दिवाळीनंतर आईबापांबरोबर वीटभट्टीवर जाणारे कातकरी मूलही असू शकते. शाळेचा निरोप एकच असतो, पण तो ज्या घरी जायचा त्या घरांची घड्याळे मात्र वेगवेगळी असतात. सगळी अडचण येथूनच सुरू होते.

शाळेकडून घरी जाणारे निरोप साधारण तीन प्रकारचे असतात. पहिला आजचा आजच कळायला हवा असा. पावसाळ्यात हवामान खात्याने रेड अलर्ट दिला, की जिल्हाधिकारी हे जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष या नात्याने शाळांना सुट्टी जाहीर करू शकतात. हा आदेश कधी आदल्या रात्री निघतो, तर कधी सकाळी. तो वेळेवर कळला नाही, तर भर पावसात ओढा ओलांडून मूल बंद शाळेच्या दारात येऊन उभे राहते. येथे भ्रमणध्वनीचा फार उपयोग होतो, यात शंका नाही. पण त्याच वाटेने गेल्या वर्षीचा आदेशही नव्याने फिरतो! म्हणून पालकांनी दोन गोष्टी आधी पाहाव्यात: आदेशावरची तारीख, आणि तो शाळेकडून आला आहे की इकडूनतिकडून.

दुसरा प्रकार मुदतीच्या निरोपांचा. दहावीच्या परीक्षेचा अर्ज, जातीचा किंवा उत्पन्नाचा दाखला, शिष्यवृत्तीची परीक्षा हे सगळे यात आले. एकच उदाहरण घ्या. आठवीत शिकणाऱ्या मुलांसाठी राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्तीची परीक्षा असते. शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि अनुदानित शाळांतल्या ज्या मुलांच्या घरचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत आहे, त्यांना ती देता येते. निवड झाली तर नववीपासून बारावीपर्यंत वर्षाला १२,००० रुपये मिळतात. म्हणजे चार वर्षांचे ४८,००० झाले. पण अर्ज मुदतीत भरायला हवा, आणि निवड झाल्यावरही दर वर्षी त्याचे नूतनीकरण करायला हवे. मूल हुशार आहे, घर गरजू आहे, आणि निरोप मात्र दप्तरातच राहिला, तर हा पैसा गेला म्हणून समजा.

तिसऱ्या प्रकारच्या निरोपाला कोणी निरोप म्हणतच नाही. शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये मुलाचे नाव, आईचे नाव, जन्मतारीख आणि जात यांची नोंद असते. तीच पुढे दहावीच्या प्रमाणपत्रावर आणि शाळा सोडल्याच्या दाखल्यावर उतरते. शाळा सोडल्यानंतर त्यात दुरुस्ती करून घेणे मोठे जिकिरीचे काम असते. म्हणून शाळा जेव्हा ‘नोंदी तपासून सही करा’ असे कळवते, तेव्हा ती केवळ सही मागत नसते. ती म्हणत असते, ‘चूक असेल तर आत्ताच सांगा.’ अक्षर अन् अक्षर वाचून मगच सही करावी.

हे निरोप कोणकोणत्या वाटांनी जातात? शाळेच्या दारातला फलक ही सर्वांत जुनी वाट. पण फलक वाचायला माणूस शाळेपर्यंत यावा लागतो. दुसरी सूचनावही. मूल त्यात सूचना लिहून घेते, घरची सही आणते, आणि वर्गशिक्षक ती पाहतात. तिसरे प्रगतिपुस्तक, चौथी पालकसभा, आणि पाचवी वाट भ्रमणध्वनीवरच्या गटाची. आता पुष्कळ शाळांचा भर या शेवटच्या वाटेवर आहे. ती वेगवान आणि स्वस्त आहे खरी. पण घरात फोन एकच असेल आणि तो बाबांच्या खिशात असेल तर? होडी दर्यावर गेली की फोनही दर्यावर गेला, आणि किनाऱ्यापासून दूर गेल्यावर त्याला संपर्क मिळत नाही. शाळेच्या यादीत मात्र त्या घराला ‘कळवले’ अशी खूण झालेली असते.

एकाच वाटेवर विसंबले की काय होते, हे २०२० साली चांगलेच दिसून आले. मार्चमध्ये करोनामुळे शाळा बंद झाल्या. दहावीचा भूगोलाचा पेपर २३ मार्चला व्हायचा होता. तो ऐनवेळी पुढे ढकलला गेला आणि एप्रिलमध्ये रद्दच झाला. वर्ग भरत नव्हते, त्यामुळे फलक आणि सूचनावही दोन्ही निकामी झाली. राहिला तो फोन. आणि मग ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. विजेचे खांब आडवे झाले, फोनचे मनोरे बंद पडले, आणि ती उरलेली वाटही तुटली. अशा वेळी निरोप पोहोचतो तो माणसाकडून माणसाकडे. म्हणून प्रत्येक आळीत, प्रत्येक पाड्यावर एक घर असे ठरवून ठेवावे, की शाळेने तिथे सांगितले म्हणजे शेजारच्या दहा घरांना कळेल. ही यादी जूनमध्येच करून ठेवायची असते. वादळ आल्यावर ती करता येत नाही.

आता पालकसभेविषयी. ‘सभेला पालक येत नाहीत’ ही शिक्षकांची नेहमीची तक्रार. पण सभा ठेवतो केव्हा, हे आपण पाहतो का? मासे घेऊन कोळीण सकाळी बाजाराला गेलेली असते, कामगार पाळीवर असतो. तिला सकाळी अकराला बोलावले तर ती येणार कशी? डोलीच्या जाळ्यांची मासेमारी भरती-ओहोटीच्या ओढीवर चालते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात हातात उसंत नसते. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती असते, तेव्हा काम हलके असते. तेव्हा सभेची तारीख धरताना दिनदर्शिकेवरची तिथीही पाहावी. जून आणि जुलै या दोन महिन्यांत यांत्रिक होड्यांना मासेमारीची बंदी असते, म्हणजे बाबा घरी असतात. योग असा, की शाळाही जूनच्या मध्यालाच उघडते, आणि शुल्क विनियमनाच्या २०११ च्या कायद्याप्रमाणे शैक्षणिक वर्ष सुरू झाल्यापासून ३० दिवसांत पालक-शिक्षक संघ स्थापन करायचा असतो. पहिली सभा घ्यायला याहून चांगला काळ कोणता? वीटभट्टीवर जाणाऱ्या घरांसाठी मात्र आणखी एक भेट दिवाळीच्या सुट्टीआधी हवी. त्यांना वार्षिक परीक्षेची तारीख आणि शिक्षकांचा क्रमांक कागदावर लिहूनच द्यावा.

आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. आपल्याकडे पुष्कळ घरांत निरोप वाचतो तो मुलगाच! ज्याची तक्रार, तोच वाचणारा. मग ‘गणितात लक्ष नाही’ या ओळीचे घरी काय होत असेल, हे सांगायला नको. म्हणून मुलाच्या अभ्यासाची किंवा गैरहजेरीची गोष्ट शिक्षकांनी समक्ष बोलून सांगावी. आणि एरवीच्या सूचना तरी साध्या भाषेत असाव्यात. ‘सर्व संबंधितांना सूचित करण्यात येते की’ असे लिहिण्यापेक्षा, ‘शुक्रवारी अर्जाचा शेवटचा दिवस आहे, येताना उत्पन्नाचा दाखला आणा’ एवढे लिहिले तर आजीलाही वाचून दाखवता येते, आणि आजीच्या ते लक्षातही राहते.

पालकांकडेही काही काम उरतेच. फोन बदलला, घर बदलले, मुलाला न्यायला आता मामा येणार, तर हे शाळेला कोण कळवणार? निरोपाची वाट दोन्ही बाजूंनी वाहती हवी. आठवड्यातून एकदा, रविवारी म्हणा, सूचनावही उघडून बघायला पाच मिनिटे पुरतात. वाचता येत नसेल तर शाळेत जाऊन विचारावे; त्यात कमीपणा कसला?

निरोप धाडला एवढ्याने तो पोहोचत नाही. घरून सही आली, होकार आला, निदान ‘कळले’ एवढा शब्द आला, म्हणजे तो पोहोचला. ज्या घराकडून काहीच आले नाही, त्या घरी कोणीतरी स्वतः जायला हवे. बहुधा त्याच घराला त्या निरोपाची सर्वांत जास्त गरज असते.