शेकडा, पण कशाचा? — नाल, आडत आणि लाभाचे मोजमाप

जुन्नर व आंबेगाव या तालुक्यांत शेतमालाची विक्री झाल्यावर शेतकऱ्याच्या हाती हिशेबाचा जो कागद पडतो, त्यास 'पट्टी' म्हणतात. नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचा भाव वीस किलोंच्या क्रेटवर बोलला जातो, मंचरला कांद्याचा दहा किलोंवर. पट्टीच्या आरंभी हा भाव असतो, अखेरीस हाती पडणारी रक्कम. आणि मधल्या ओळींत हमाली, तोलाई, वाहतूक असे खर्च असतात. 'भाव किती मिळाला?' आणि 'हातात काय राहिले?' हे प्रश्न बोलण्यात शेजारी शेजारी येतात. परंतु ते एकमेकांचे पर्याय नव्हेत. या दोहोंमधील अंतर वरकरणी लहान असले, तरी लाभाच्या मोजमापावर त्याचा परिणाम फार मोठा होतो, हे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

हा परिणाम पत्त्यांच्या डावात अगदी स्वच्छ दिसतो. म्हणून विवेचनाचा आरंभ तेथून करणे सोयीचे होईल. पोकर या खेळात खेळाडू घरमालकाविरुद्ध खेळत नाहीत, परस्परांविरुद्ध खेळतात. घरमालक केवळ जागा देतो आणि प्रत्येक डावातील जमलेल्या रकमेतून आपला अंश काढून घेतो. आपल्याकडील जुगाराच्या बोलीत या अंशास 'नाल' असे नाव आहे. महाराष्ट्राने १९७६ साली कॅसिनोंसंबंधी कायदा केला होता. तो कधीच अमलात आला नाही व २०२३ साली रद्द झाला. गोव्यात मात्र १९७६ च्या जुगारविषयक कायद्यात पुढे दुरुस्त्या होऊन पणजीजवळ मांडवीच्या पात्रातील जहाजांवर कॅसिनो चालू झाले. अड्ड्यावरील नाल आणि जहाजावरील शुल्क यांचे कायद्यातील स्थान भिन्न असले, तरी गणित एकच आहे.

नाल नसेल तर एका टेबलावरील सर्व खेळाडूंच्या लाभहानीची बेरीज शून्य येते. नाल काढला की ती बेरीज तितक्याच रकमेने शून्याखाली जाते. म्हणजेच मध्यम प्रतीचा खेळाडू बरोबरीत राहत नाही; तो नालाइतका हरतो. आता कुशल खेळाडूचा विचार करू. समजा, दर शंभर डावांमागे तो इतरांकडून सरासरी ८ एकके जिंकतो आणि त्यांतून ५ एकके नालापायी जातात. निव्वळ लाभ ३ एकके राहिला. या शतकांचे प्रमाण विचलन ८० एकके धरू. सरासरी ही आपल्या प्रमाण त्रुटीच्या दुप्पट झाली म्हणजे ती केवळ दैवाची नव्हे असे मानावे, हा सर्वमान्य संकेत आहे. त्यासाठी लागणारी शतके काढावयाची, तर विचलनाच्या दुपटीस सरासरीने भागून येणाऱ्या संख्येचा वर्ग करावा. ढोबळ लाभासाठी हे उत्तर ४००, म्हणजे ४०,००० डाव, येते. निव्वळ लाभासाठी मात्र ते सुमारे २,८४४ शतके, म्हणजे २,८४,००० हून अधिक डाव, येते. तासाला तीस डाव धरले, तर हे ९,००० तासांहून अधिक काळाचे काम झाले.

येथे मर्म ध्यानात घेतले पाहिजे. नालाने लाभाची सरासरी ८ वरून ३ वर आली. परंतु डावांतील चढउतार जवळजवळ तसाच राहिला. शुल्क उलाढालीतून घेतले जाते, भार मात्र लाभावर पडतो. उलाढालीच्या शेकडा पाच इतका अंश लाभाच्या शेकडा साठांहून अधिक असू शकतो. आणि लाभ अडीच-तीनपट घटला, की तो सिद्ध करण्यास लागणारा पुरावा वर्गाच्या प्रमाणात, म्हणजे सातपट, वाढतो.

दुसरा प्रश्न, नाल कोणाच्या खाती मांडावा, हा आहे. तो जिंकणाऱ्याच्या राशीतून निघतो. पण त्या राशीत हरणाऱ्यांचेही पैसे असतात. सर्व नाल विजेत्याच्या नावे टाकला तर एक आकडा मिळतो, प्रत्येकाने घातलेल्या रकमेच्या प्रमाणात वाटला तर दुसरा. खेळाडूच्या खिशातील पैसे दोन्ही रीतींत तेवढेच; बदलते ते केवळ वर्णन.

आता पट्टीकडे वळू. समजा, टोमॅटोच्या क्रेटला हंगामी सरासरी भाव २०० रुपये, लागवड ते तोडणी खर्च १६० रुपये व विक्रीखर्च २५ रुपये आहे. विक्रीखर्च भावाच्या शेकडा साडेबाराच आहे. पण ४० रुपयांच्या शिलकेतून तो शेकडा साडेबासष्ट नेतो आणि १५ रुपये उरतात. हंगामाहंगामांतील विचलन ६० रुपये धरले व हंगाम परस्परांपासून स्वतंत्र मानले, तर ४० रुपयांची शिलक खरी की योगायोगाची, हे ९ हंगामांत कळेल. १५ रुपयांसाठी ६४ हंगाम लागतील. खेळाडू एका रात्रीत शेकडो डाव खेळू शकतो. शेतकऱ्याला वर्षाकाठी एक-दोनच हंगाम लाभतात. हे पीक आपणांस परवडते काय, या प्रश्नाचे उत्तर मिळण्यापूर्वी पिढी सरते. जुलै २०२३ मध्ये नारायणगावी क्रेटला २,००० रुपयांहून अधिक भाव मिळाला. असा एखादा हंगाम सरासरी उंचावतो, तसाच विचलनही वाढवितो. तेवढ्यावरून निष्कर्ष काढणे एका रात्रीच्या जिंकण्यावरून खेळाडूची पारख करण्यासारखे होय.

खात्याचा प्रश्नही येथे तसाच उद्भवतो. जुलै २०१६ मध्ये राज्य शासनाने फळे व भाजीपाला यांवरील आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यावी, अशी तरतूद केली. पट्टीवरील ओळ त्यामुळे हलली. परंतु खरेदीदार ती आडत मनात धरून बोली लावील, तर भार किती हलला हे केवळ पट्टीवरून ठरत नाही. उलटपक्षी, पट्टीत वळती केलेली 'उचल' ही खर्च नव्हेच. ती कर्जाची फेड होय. ती खर्चात धरल्यास लाभ आहे त्याहून कमी दिसेल.

भाषेच्या अभ्यासकाचा संबंध येथेच येतो. 'कृषी उत्पन्न बाजार समिती' या नावात 'उत्पन्न' म्हणजे पिकलेला माल. 'उत्पन्नाचा दाखला' यात तोच शब्द मिळकतीचा वाचक आहे. प्रश्नावली घेऊन गावी जाणाऱ्या विद्यार्थ्याने 'उत्पन्न किती?' असे विचारले, तर एक जण क्विंटल सांगेल, दुसरा भावाने गुणलेली रक्कम, तिसरा हातात राहिलेली. तिन्ही उत्तरे प्रामाणिक. त्यांची सरासरी मात्र निरर्थक. 'शेकडा' हा शब्द आपला पाया स्वतः सांगत नाही. तो कशाचा शेकडा, कोणत्या ओळीच्या आधीचा की नंतरचा, हे विचारून घेणे ही गणिताच्या आधीची, अर्थनिश्चितीची पायरी आहे. आणि ती चुकली तर पुढील गणित कितीही निर्दोष असले तरी व्यर्थ होय.