सालीवरची अक्षरे

सह्याद्रीतल्या जंगलात एखाद्या गुळगुळीत सालीच्या झाडाशी थांबून पाहा. सालीवरच्या पांढुरक्या डागात बारीक काळ्या रेघोट्या दिसतील, जणू कोणी टाकाने अनोळखी लिपीत काही खरडले आहे. ‘झाडाला रोग झालाय’ असे आपण पटकन म्हणतो. पण हा रोग नव्हे. हे आहे शैवाक, म्हणजे मसाल्यातल्या दगडफुलाचे दूरचे नातलग. अशा रेघांच्या शैवाकांतली एक मोठी प्रजाती म्हणजे ‘ग्राफिस’. ग्रीक भाषेत ‘ग्राफेन’ म्हणजे लिहिणे.

शैवाक म्हणजे कवक आणि शैवल यांची भागीदारी. ग्राफिसमधले शैवल सूर्यप्रकाशात अन्न तयार करते, कवक त्याला आसरा देते. झाडाकडून मिळते ती फक्त बसायला जागा. काळ्या रेघा हे कवकाचे फलकाय. प्रत्येक रेघेत मधोमध चीर असते आणि त्यातून बीजाणू बाहेर पडतात.

आता प्रश्न वर्गीकरणाचा. लिनियसने १७५३ मध्ये जवळजवळ सगळी शैवाके ‘लायकेन’ या एकाच प्रजातीत घातली होती. ‘ग्राफिस’ ही प्रजाती आदाँसाँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने १७६३ मध्ये मांडली. पुढे जाती वाढत गेल्या, तशी नुसती रेघ पाहून भागेना. १८८० च्या सुमारास म्युलर या स्विस शास्त्रज्ञाने बीजाणू सूक्ष्मदर्शकाखाली धरून दोन सोपे प्रश्न विचारले. बीजाणू रंगहीन की तपकिरी? आतले पडदे फक्त आडवे, की विटांच्या भिंतीसारखे आडवे-उभे? दोन प्रश्नांतून चार कप्पे तयार झाले. रंगहीन व आडवे पडदे असतील तर ग्राफिस, रंगहीन व आडवे-उभे असतील तर ग्राफिना. तपकिरी बीजाणूंसाठी याच क्रमाने फिओग्राफिस आणि फिओग्राफिना.

ही सोय शंभराहून अधिक वर्षे चालली. पण त्यात एक खोट होती. रेघेची भिंत, चिरेची ठेवण, आयोडिनने बीजाणूंना येणारा निळा-जांभळा रंग, असे सारे जुळणारी दोन शैवाके केवळ एका उभ्या पडद्यामुळे वेगळ्या प्रजातींत जात. ग्रंथालयातली पुस्तके पानांच्या संख्येनुसार लावली, तर एकाच लेखकाची पुस्तके चार कपाटांत विखुरतील, तसेच हे. २००२ मध्ये बेटिना श्टायगर यांनी अनेक लक्षणे एकत्र पाहून या कुळाची फेरमांडणी केली. ग्राफिना ही प्रजाती मोडली आणि तिच्यातल्या अनेक जाती ग्राफिसमध्ये आल्या. नंतर डीएनएच्या अभ्यासानेही दाखवले, की बीजाणूंतल्या पडद्यांवरून नाते ठरत नाही. खुद्द ग्राफिसमधूनही पुढे काही जाती ‘अ‍ॅलोग्राफा’ या प्रजातीत गेल्या.

मग म्युलर चुकले का? त्यांनी विचारलेले प्रश्न नेमके होते, आणि बीजाणू आजही जात ओळखायला लागतातच. पण ओळखण्यासाठी सोयीचे लक्षण नाते सांगेलच असे नाही.

हे वर्गात सहज करून पाहता येईल. दहा-बारा झाडांची पाने मुलांना द्या. आधी फक्त आकारावरून गट करू द्या, मग शिरा, कडा आणि पानांची मांडणी पाहून पुन्हा करू द्या. कोणते पान गट बदलते आणि का, यावर चर्चा होऊ द्या. पुढच्या सहलीला भिंग जरूर न्यावे. शैवाक मात्र खरवडू नये, ते फार सावकाश वाढते. चित्र काढले तरी पुरे.