अ‍ॅल्युमिनियमच्या बोटीतलं लाकूड

मिनेसोटात दहा एकर किंवा त्याहून मोठी अशी ११,८४२ तळी आहेत. त्यांच्या काठच्या कितीतरी घरांच्या अंगणात ट्रेलरवर चढवलेली अ‍ॅल्युमिनियमची चौदा फुटी बोट असते. आजोबांनी घेतलेली, आता नातू मासेमारीला नेतो अशी. अशा बोटीचा पत्रा पन्नास वर्षं सहज काढतो. आधी जाते ती मागची फळी, म्हणजे ट्रान्सम.

या बोटींचा वंश विमानांचा. ग्रमन या विमान कंपनीचे उपाध्यक्ष विल्यम हॉफमन यांना १९४४ साली अ‍ॅडिरॉन्डॅकच्या डोंगरात जड कॅनू वाहून नेताना अ‍ॅल्युमिनियमच्या कॅनूची कल्पना सुचली. युद्ध संपल्यावर विमानांच्या पत्र्याला रिव्हेट मारण्याची कला होड्यांच्या कामी आली. पण मागे आउटबोर्ड मोटर टांगायची तर नुसता पत्रा पुरेना. पंखा पाण्याखालून बोट पुढे रेटतो, तेव्हा मोटरचा ब्रॅकेट ट्रान्समला खालून पुढे ढकलतो आणि वरून मागे ओढतो. ही ओढाताण पेलायला दोन पत्र्यांच्या मध्ये किंवा आतल्या बाजूने साधारण दीड इंच जाडीचं प्लायवूड बसवलं गेलं. लाकूड बोल्टखाली दबतं, पकड देतं, मोटरची थरथर जिरवतं. ही निवड मला आजही योग्यच वाटते.

लाकडाचा घात होतो तो भोकांमुळे. कोणी मासे शोधायच्या सोनारचा स्क्रू मारतो, कोणी मोटर बदलताना जुनी भोकं तशीच सोडतो. तिथून पाणी आत शिरतं आणि दोन्हीकडून पत्रा असल्यामुळे वाळत नाही. बुरशीला हेच हवं असतं. बाहेरून सगळं धडधाकट दिसतं. हातोडीने ठोकलं की टणक आवाजाऐवजी बद्द आवाज येतो, मोटर वर धरून हलवली की पत्रा श्वास घेतल्यासारखा आतबाहेर होतो.

मोटर, कोपऱ्यांच्या टोप्या आणि वरची पट्टी काढून, रिव्हेटची डोकी ड्रिलने उडवली की खरा प्रकार समोर येतो. वरचा भाग बहुधा अखंड निघतो, खालचा काळा भुगा मुठी भरून काढावा लागतो. त्यामागचा पत्रा नीट पाहायलाच हवा. ओल धरलेल्या लाकडाशी चिकटलेल्या अ‍ॅल्युमिनियमला हवा मिळत नाही, त्यावरचा संरक्षक थर पुन्हा धरत नाही, आणि पांढरी भुकटी व बारीक खड्डे पडतात. ते घासून, खोल असतील तर भरून घ्यायचे.

जुनी फळी फुगलेली असते, म्हणून तिच्यावरून सरळ आखू नये. पुठ्ठ्याचा साचा करून तो बोटीत बसवून पाहावा. पाऊण इंची प्लायवूडचे दोन तुकडे इपॉक्सीने चिकटवून, क्लॅम्प आवळून ठेवायचे. इथे एक मोह टाळावाच लागतो. तांब्याचे क्षार मुरवलेलं प्लायवूड कुजत नाही म्हणून अनेकजण तेच आणतात. लाकूड टिकतं, पण ओलाव्यात ते तांबं शेजारच्या अ‍ॅल्युमिनियमला खाऊन टाकतं. साधं मरीन प्लायवूड घ्यावं आणि त्याला सगळीकडून इपॉक्सीचे हात द्यावेत. कापलेल्या कडा सर्वांत जास्त पितात, तिथे इपॉक्सी शोषणं थांबेपर्यंत लावत राहायचं.

सगळ्यात किचकट आणि सगळ्यात मोलाचं काम भोकांचं. बोल्टपेक्षा मोठं भोक पाडायचं, ते घट्ट केलेल्या इपॉक्सीने पूर्ण भरायचं, सुकलं की मधोमध बोल्टच्या मापाचं भोक पुन्हा पाडायचं. मग बोल्टला लाकूड शिवतच नाही. पाणी काढून टाकायचं भोक, सोनारचा स्क्रू, सगळ्यांना हाच नियम. घाईत एक भोक राहिलं तर बाकीची मेहनत काही वर्षांत वाया जाते. स्टेनलेस बोल्ट सीलंटमध्ये बुडवून बसवावेत, म्हणजे पाणीही अडतं आणि दोन धातू एकमेकांना थेट भिडत नाहीत.

मोटर चढवल्यावर पहिल्या काही फेऱ्यांनंतर बोल्ट पुन्हा आवळून पाहावेत. आणि रस्त्याने नेताना वर उचललेल्या मोटरला ट्रेलरपासून आधाराचा दांडा द्यावा. नाहीतर प्रत्येक खड्ड्यात मोटरचं सगळं वजन नव्या फळीवर आदळतं.